पावसाच्या तोंडावर पिल्लं परसात काढायची आहेत? दिवसाचा आडोसा वेगळा, रात्रीची पेटी वेगळी

गोराई गावठाणातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे गिरिराज जातीच्या कोंबडीची १२ पिल्लं आहेत, पाच आठवड्यांची. आजवर स्वयंपाकघरात टीव्हीच्या खोक्यात, बल्बखाली वाढली. आता ती खोक्याच्या काठावर उडून बसतात, भुशाची धूळ भांड्यांवर बसते, घरात वास येतो. पक्कं खुराडं गणपतीनंतर बांधायचं ठरलंय. तोपर्यंत परसात चार बांबू रोवून भोवती कोंबडीजाळी गुंडाळली आणि वर ताडपत्री टाकली तर चालेल का? आणि रात्री पिल्लांना थंडी तर लागणार नाही ना?

ताई, आधी थंडीचं बोलू, कारण ते सोपं आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं असतं. म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्याला २३ ते २६ अंश पुरतात. मे अखेरीस मुंबईत पहाटेसुद्धा पारा २७ च्या आसपास असतो. तुमची पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, अंगावर पिसं आलीत. त्यांना बल्बची गरज उरलेली नाही. उलट बल्बखाली ती चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर आज रात्रीच तो बंद करा. हाच प्रश्न जानेवारीत आला असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा आपल्याकडेही पहाटे पारा १६-१७ पर्यंत उतरतो, गोराई-मनोरीकडे खाडीचा वारा असतो, आणि पाच आठवड्यांच्या पिल्लांना मी आणखी दहा-बारा दिवस आत ठेवायला सांगितलं असतं.

मग अडचण कुठे आहे? तुमच्या ‘तात्पुरतं’ या शब्दात आहे. तुमच्या मनात चार दिवसांची सोय आहे, पण पंचांग बघा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. गणपतीनंतर म्हणजे सप्टेंबर, आणि सुतार-गवंडी मिळेपर्यंत दसरा. याचा अर्थ तुमचा तात्पुरता निवारा अख्खा पावसाळा काढणार आहे, आणि त्यातल्या जुलैमध्ये तर आठवडा-आठवडा ऊन पडत नाही. कोरड्या हवेत २५ अंशांत मजेत राहणारं पिल्लू अंगावरची पिसं भिजली की त्याच २५ अंशांत गारठतं. शिवाय खालचा भुसा भिजला की आजार येतो, आणि पावसात बिळांत पाणी शिरलं की घुशी वर येतात. चार बांबूंचा मांडव यातल्या एकाही गोष्टीला पुरा पडत नाही.

मालाड-मार्वे पट्ट्यात आणि पलीकडे उत्तनपर्यंत मी बरीच वर्षं लोकांना खुराडी करून देतोय. पिल्लं गेल्याचे जे फोन येतात, ते जवळजवळ सगळे सकाळचे असतात. म्हणजे नुकसान रात्री झालेलं असतं. दिवसा घरात माणसांची ये-जा असते, कुत्रं भुंकतं, कोणीतरी हाकलतं. रात्री दोन वाजता घूस जाळीखालून माती उकरते तेव्हा कोणाला ऐकू येत नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो: दिवसाचा आडोसा कितीही कच्चा असू दे, रात्रीची पेटी मात्र पहिल्या दिवसापासून पक्की हवी. दोन्ही कामं एकाच मांडवाकडून करून घ्यायला जाऊ नका. तुमच्याकडे पैसा आणि वेळ मोजका असेल तर दोन्हीतला मोठा वाटा रात्रीच्या पेटीवर घाला.

ही पेटी किती मोठी असावी? या वयात रात्रीपुरती प्रत्येक पिल्लामागे एक चौरस फूट जागा धरा. बारा पिल्लांना चार फूट बाय तीन फूट, उंची दोन-अडीच फूट. जुनं लाकडी कपाट, पलंगाचा खोका, दुकानदाराने टाकून दिलेलं काउंटर, काहीही चालतं. भंगारवाल्याकडे चक्कर मारली तर मजबूत सांगाडा स्वस्तात मिळून जातो. फक्त त्यावर पूर्वी कीटकनाशक किंवा वाळवीचं औषध मारलेलं नाही ना, हे विचारून घ्या. पिल्लं लाकूड टोचत असतात.

पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवी. सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवा किंवा तिला पाय लावा. याने तीन कामं होतात. पाऊस जमिनीवर आपटून उडतो ते शिंतोडे आत येत नाहीत, घुशीला खालून उकरून वर येता येत नाही, आणि खाली पडलेली घाण तुम्हाला रोज झाडता येते. राहिल्या मुंग्या. लाल मुंग्या पेटीच्या पायांवरून चढून आत शिरल्या तर लहान पिल्लांचे फार हाल करतात. जुन्या घरांत दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तसं इथेही करतात. पण मुंबईच्या पावसाळ्यात साध्या पाण्याच्या वाट्या म्हणजे डासांची पैदास. डासांमुळे घरात डेंग्यूची भीती, आणि कोंबड्यांना देवीचा रोगही डासच पोचवतात. म्हणून पायांना वीतभर उंचीवर ग्रीसचा पट्टा लावा आणि तो आठवड्याला ताजा करा. त्या पट्ट्याच्या वर मात्र भिंत, फांदी, दोरी, काहीही पेटीला टेकलेलं नको, नाहीतर मुंग्या तिथून येतात.

आता जाळी. कोंबडीजाळी, म्हणजे ती षटकोनी भोकांची पातळ तार, ही कोंबडी आत ठेवायला केलेली आहे. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिचं काम नाही. उंदीर आणि मुंगसाचं पोर तिच्यातून सरळ आत जातं. मांजर पंजा घालून जे हाताला लागेल ते ओढतं, आणि पिल्लं झोपतात ती नेमकी कडेला, जाळीला चिकटून. मोठा कुत्रा दातांनी ती फाडतो. रात्रीच्या पेटीला अर्धा इंची वेल्डमेशच, म्हणजे सांधे जोडलेली, चौकोनी भोकांची ताठ तारेची जाळी लावा. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डमेश म्हटलं की कळतं. महाग पडते हे खरं, पण चार बाय तीनच्या पेटीला फार लागत नाही, आणि पुढे पक्क्या खुराड्यात हीच जाळी वापरता येते. ती स्टेपल पिनांनी ठोकू नका. समुद्राच्या हवेत पिना एका पावसात गंजतात आणि ओढल्यावर सुटून येतात. वॉशर घालून स्क्रूने आवळा. दाराला नुसती कडी न लावता कोयंडा आणि त्यात अडकवणारी खीळ लावा, वर आणि खाली दोन ठिकाणी. एकाच कडीचं दार खालच्या कोपऱ्यात वाकतं, आणि मुंगसाला तेवढी फट पुरते.

धामण-नागाचा प्रश्न अनेक जण विचारतात. मोठ्या सापाला अर्धा इंची जाळी अडवते, साप येतो तो फटींतून आणि दाराच्या सांध्यांतून. पेटीभोवती लाकडं, विटा, नारळाच्या सालींचे ढीग ठेवू नका, कारण उंदीर तिथे राहतात आणि उंदरांमागे साप. साप दिसलाच तर मारू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा.

आता वाऱ्याचं बोलतो, कारण इथे लोक हमखास उलटं करतात. पावसाच्या भीतीने पेटी चारही बाजूंनी प्लॅस्टिकने गुंडाळतात. आत बारा जिवांचा श्वास, ओली विष्ठा आणि बाहेर आधीच ८०-९० टक्के आर्द्रता. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत असतं आणि पिल्लं शिंकत असतात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा आणि पावसाची झड नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते. त्या दोन बाजू, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण, प्लायने किंवा पत्र्याने पूर्ण बंद करा. पूर्व आणि उत्तर जाळीच्या ठेवा. बंद बाजूंनाही अगदी वर, छपराखाली, तीन-चार बोटांची पट्टी जाळीने उघडी सोडा म्हणजे गरम दमट हवा निघून जाईल. पिल्लं बसतात त्या उंचीवर वारा थेट लागू नये, त्यांच्या डोक्यावरून मात्र खेळता राहावा. छप्पर उघड्या बाजूंना दीड फूट पुढे आलेलं हवं आणि उतार पश्चिमेकडे, म्हणजे पागोळ्या दाराशी पडणार नाहीत. तुमच्या परसात शेजाऱ्यांची भिंत कोणत्या दिशेला आहे ते प्रश्नात आलेलं नाही. ती पश्चिमेला असेल तर नशीब चांगलं आहे, पेटी तिच्या आडोशाला ठेवा, पण भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे मागून झाडता येईल. ती पूर्वेला असेल तर पश्चिमेची बाजू तुम्हालाच भक्कम करावी लागेल.

छपराला ताडपत्री एकटी नको. जून-जुलैच्या वाऱ्यात तिचा आवाज रात्रभर फडफडतो, पिल्लं दचकून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. शिवाय मधे पाण्याचा फुगा धरतो. पत्रा टाका, चारही कोपरे तारेने सांगाड्याला बांधा. ऊन पडलं की पत्रा तापतो, तेव्हा त्यावर नारळाच्या झावळ्या अंथरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात हीच झावळी फार कामाला येते.

पेटीच्या तळाबद्दल मी अर्धा-अर्धा पर्याय सुचवतो. अर्ध्या भागात वेल्डमेशच, म्हणजे विष्ठा खाली पडते. अर्ध्यात प्लाय आणि त्यावर दोन-तीन इंच कोरडं तूस किंवा लाकडाचा भुसा, म्हणजे पायांना आराम. पिल्लं आपोआप प्लायवर झोपतात. एक फूट उंचीवर दीड-दोन इंच जाडीची एक काठी आडवी लावून ठेवा, सहाव्या-सातव्या आठवड्यात ती तिच्यावर बसायला शिकतात.

दिवसाच्या आडोशाला मात्र तुमचे बांबू आणि कोंबडीजाळी चालतील. फरक एवढाच करा की जाळीचा खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर विटा ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी उकरतं, आणि तिथे त्याला जाळीच लागते. वर हिरवी शेडनेट किंवा जाळी हवीच. कावळे आणि घारी पिल्लांवर झडप घालतात. आणखी एक कारण आहे. २०२१ च्या जानेवारीत मुंबई-ठाण्यातल्या मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लू सापडला होता. कावळ्या-कबुतरांची विष्ठा आपल्या पिल्लांच्या पाण्यात पडू नये एवढी काळजी परसातही घ्यायला हवी. म्हणून खाद्य आणि पाण्याची भांडी उघड्यावर न ठेवता पत्र्याच्या एका तुकड्याखाली ठेवा.

जमीन ओली असेल त्या दिवशी पिल्लांना बाहेर सोडायलाच हवं असं नाही. हे वाक्य मी मुद्दाम ठासून लिहितोय, कारण पावसाळ्यात पिल्लं मरतात ती जास्त करून रक्ती हगवणीने, म्हणजे कॉक्सीने. तिचे जंतू थोड्याफार प्रमाणात सगळीकडे असतात. विष्ठेतून बाहेर पडलेला जंतू ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला लागण करण्याजोगा होतो, कोरड्या भुशात मात्र त्याचं फारसं चालत नाही. तीन ते आठ आठवडे हे याचं नेमकं वय. लाल-तपकिरी किंवा रक्तमिश्रित विष्ठा, पंख पाडून अंग फुगवून उभं पिल्लू, खाण्यावरून उडालेलं मन, असं एकात जरी दिसलं तरी त्याला लगेच वेगळं करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आपल्या शहरात आहे हे लोक विसरतात. औषध पाण्यातून द्यायचं असतं आणि ते वेळेत सुरू झालं तर पिल्लं वाचतात. वाट बघत दोन दिवस घालवले तर अर्धा कळप जातो. तुम्ही आणता त्या चिक स्टार्टरच्या, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्याच्या, गोणीवर कॉक्सीचं औषध मिसळलेलं आहे का हेही वाचून घ्या आणि डॉक्टरांना सांगा, म्हणजे दुहेरी डोस होणार नाही.

भुसा कोरडा आहे की नाही हे कळायला रोज सकाळी दार उघडल्यावर तुमचं डोकं पिल्लांच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर भुसा बदलायची वेळ झाली. मूठभर उचलून आवळा, गोळा झाला तर ओला, मोकळा पडला तर ठीक. चुना टाकायचा असेल तर पिल्लं बाहेर असताना, तळाशी, आणि त्यावर जाड भुसा. वरून भुरभुरलेला चुना त्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

खाद्याचीही पावसाळी काळजी वेगळी आहे. दमट हवेत गोणी उघडी राहिली की बुरशी धरते आणि ते विष पिल्लांच्या यकृतावर जातं. एका वेळी दहा-पंधरा दिवसांपुरतंच आणा, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. गाठी झालेलं, कुबट वासाचं खाद्य सरळ फेकून द्या. संध्याकाळी पिल्लं पेटीत गेली की उरलेलं खाद्य उचलून घरात न्या. परसात रात्री दाणा राहिला की घुशींना तुम्ही स्वतः आमंत्रण दिलंत असं समजा.

पिल्लं हलवायची कशी? एकदम नको. आधी घरातच दोन-तीन रात्री बल्ब बंद करून बघा. ती पसरून झोपली तर उत्तम, एकत्र चिकटून चिवचिवत राहिली तर अजून थोडे दिवस थांबा. मग दिवसा दोन तास बाहेर, कोरड्या जागेत, तुम्ही समोर असताना. त्यानंतर रात्रीची पेटी. पेटीत पहिले चार-पाच दिवस त्यांना दिवसाही बंदच ठेवा, खाणं-पाणी आतच द्या. त्यांना हे घर आहे असं कळलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी ती झाडाखाली, मोरीत, पत्र्यामागे जाऊन बसतात आणि तुम्ही पावसात बॅटरी घेऊन शोधत फिरता. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. त्याआधी अर्धा तास पेटीत थोडे दाणे टाका, ती आत जातील. मग मोजा. रोज मोजा, बारा झाली की मगच कोयंडा.

बाहेर बल्बची वायर ओढू नका. पावसात उघड्यावरचं कनेक्शन हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे पिल्लांना त्याची गरजही नाही.

लसींचं थोडक्यात. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो आजाराची लस आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा झालेली असायला हवी. नसेल तर डॉक्टरांना आता विचारा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस येते, ती डासांच्या या शहरात चुकवू नका. मात्र लस आणि जागाबदल एकाच दिवशी करू नका, दोन्हीत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत, पण ऑगस्टमध्ये विचाराल. नर-मादी न निवडता घेतलेल्या बारा पिल्लांत पाच-सहा तरी कोंबडे निघतात. गिरिराज अंगाने झपाट्याने भरतो. चार बाय तीनची पेटी बाराजणांना दहाव्या-अकराव्या आठवड्यापर्यंत पुरेल. त्यानंतर गर्दी होते, भुसा दुपटीने ओला होतो, एकमेकांची पिसं उपटायला सुरुवात होते. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत कोंबडे वेगळे काढायचे, कापायचे की कोणाला द्यायचे हे घरात आजच ठरवा. एखादा ठेवायचा असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. गावठाणात आरवणं खपतं, पण भिंतीला भिंत लागलेल्या घरांत पहाटे चारला ते सगळ्यांनाच आवडतं असं नाही. कोंबडे गेले की उरलेल्या सहा-सात तलंगांना, म्हणजे तरण्या माद्यांना, तीच पेटी दसऱ्यापर्यंत ओढत नेईल.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. आरे, येऊर किंवा मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहत असाल तर बिबट्याचा विचार धरून रात्री पेटी घराच्या आत किंवा कुलूपबंद पडवीतच हवी, परसात नाही. इमारतीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. तिथे घुशी कमी, पण ऊन आणि वारा दुप्पट, म्हणून पेटी पाण्याच्या टाकीच्या सावलीत आणि दोन बाजूंनी बांधलेली हवी. बैठ्या चाळीत परस नसेल तर मी स्पष्टच सांगेन, पावसाळ्यात पिल्लं आणू नका, दिवाळीनंतर आणा.

ताई, तुमच्या हातात पहिल्या पावसापर्यंत आठ-दहा दिवस आहेत. या रविवारी सांगाडा आणि वेल्डमेश आणलीत तर पेटी दोन दिवसांत उभी राहते. ती तयार होईपर्यंत पिल्लांना खोक्यातून काढून भाजीवाल्यांकडच्या दोन मोठ्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये सहा-सहा ठेवा, वर जाळीचा तुकडा दोरीने बांधा आणि क्रेट मोरीच्या बाजूला हलवा. स्वयंपाकघरातली धूळ तेवढ्यानेच बरीच कमी होईल. आणि घरात लहान मुलं असतील तर पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय आतापासून लावा. पेटीचं माप काढून झालं की परसाची दिशा आणि भिंत कुठे आहे ते कळवा, दार कोणत्या बाजूला ठेवायचं ते नक्की सांगतो.